चुरीकाकांची डावी बाजू

चुरीकाकांच्या शेजारी बसून मी पाच वर्षं डहाणू ते तलासरी प्रवास केला. त्या पाच वर्षांत आम्ही मागे टाकलेलं एकमेव वाहन म्हणजे आशागडजवळचा एक रोडरोलर. तोही उभा होता.

बाकी सगळे आम्हाला मागे टाकून जात. ट्रक, एसटी, चिकूचे टेम्पो, आणि एकदा तर स्कूटरवर मागे बसलेला एक बँडवाला, मांडीवर ढोल घेऊन. त्याने जाता जाता आम्हाला सलामही ठोकला. म्हाताऱ्या माणसाने गाडी सावकाशच चालवावी, हे मला मान्य आहे. पण या म्हाताऱ्याने उमेदीची वीस वर्षं मोटारींच्या शर्यतीत घालवली होती.

डहाणूत हे कोणाला खरं वाटत नसे. दोन हजार चौदा साली माझी बदली तलासरीच्या शाळेत झाली, तेव्हा शेजारचे हे वसंत चुरी कुंपणापलीकडून बोलले, "बाई, जीपमध्ये कोंबून कशाला जाता? माझं ड्रायव्हिंग स्कूल तलासरीलाच आहे. साडेनऊला निघू. नऊ अठ्ठावीसला गाडीत बसायचं." मी नऊ एकतीसला गेले, तर गाडी गेलेली होती. दुसऱ्या दिवसापासून मी सव्वानऊलाच कुंपणापाशी उभी राहू लागले.

त्यांची हकिगत मला चारोटीपर्यंतच्या रस्त्यावर तुकड्यातुकड्याने कळली. वडिलांचा टेम्पो होता. वाडीतले चिकू आगगाडी सुटायच्या आत स्टेशनवर पोचवायचे. मुंबईचा एक गिरणीवाला इथे हवा खायला यायचा, त्याला शर्यतींचा नाद. त्याने वसंताला तो टेम्पो चिखलातून काढताना पाहिलं आणि मेकॅनिक म्हणून उचलून नेलं. पुढे एका शर्यतीच्या तोंडावर मालकाच्या ड्रायव्हरला कांजिण्या आल्या, आणि काका स्टिअरिंगवर बसले ते उठलेच नाहीत. रस्त्यावरच्याच साध्या घरगुती गाड्या घ्यायच्या, इंजिन जोरदार करायचं आणि मद्रासकडे एका जुन्या धावपट्टीवर गरागरा फिरायचं. मग तासन्‌तास चालणाऱ्या लांब पल्ल्याच्या शर्यती आल्या. त्यात एक गाडी आणि दोन ड्रायव्हर, आळीपाळीने. काकांचा जोडीदार उंबरगावचा नटूभाई. नटूभाई गाडी पळवायचा आणि काका गाडी राखायचे.

"गाडी घरी आली पाहिजे, बाई," हे त्यांचं पालुपद. एका शर्यतीत ते पहिले चालले होते, तेवढ्यात त्यांना गाडीतून बारीक टणटण ऐकू आली. त्यांनी लगेच वेग उतरवला. दोन गाड्या पुढे निघून गेल्या, पण काकांनी आपली गाडी जिवापाड जपत तिसऱ्या नंबरावर आणली. मालक महिनाभर त्यांच्याशी बोलला नाही.

"मग आवाज कसला होता?" मी विचारलं.

"पाना राहिला होता सीटखाली."

"कोणाचा?"

काकांनी उगाचच आरसा पुसला. "माझाच. मेकॅनिकची सवय सुटत नाही लवकर."

त्यांच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये मीही शिकले. पहिले आठ दिवस त्यांनी मला इंजिन चालूच करू दिलं नाही. डोळे मिटून बसायचं, ते म्हणतील ते बटण न चाचपडता दाबायचं. "गाडी अंगाला कळली पाहिजे." नवव्या दिवशी किल्ली फिरवायला मिळाली तेव्हा मी पेढे वाटायच्या बेतात होते. लायसन्स मिळालं, पण गाडी कधी चालवली नाही. शेजारी चुरीकाका असताना कशाला?

तिसऱ्या वर्षी मात्र मला बढती मिळाली. एके सकाळी काका म्हणाले, "बाई, आजपासून नुसतं बसायचं नाही. शर्यतीच्या गाडीत बाजूला बसणाऱ्याला काम असतं. डावीकडे काय दिसतं ते बोलत राहायचं."

मला हे फारच आवडलं. "डावीकडे सायकल. डावीकडे ताडगोळेवाली. म्हैस, काका, म्हैस, निघाली!" असं मी महालक्ष्मीच्या देवळापर्यंत आणि तिथून दापचरीपर्यंत ओरडत जायची. वर्गातही माझा आवाज चांगला फुटू लागला. स्टाफरूममध्ये मी सांगत असे, मी चुरीकाकांची नॅव्हिगेटर आहे. कोणी हसलं तर मला राग यायचा.

दोन हजार एकोणीसच्या हिवाळ्यात एका संध्याकाळी आम्ही चारोटीला चहाला थांबलो, तर तिथे नटूभाई भेटले. पांढरी टोपी, मोठं पोट, गडगडाटी हसणं. डहाणूला पुतण्याकडे निघाले होते, म्हणून मागच्या सीटवर बसले. मी नेहमीसारखी सुरू झाले. "डावीकडे रिक्षा. डावीकडे दोन बाया, डोक्यावर मोळ्या."

"बेन, आ शुं करो छो? हे काय चाललंय?" नटूभाईंनी विचारलं.

मी ऐटीत सांगितलं, तुमच्या शर्यतीतलंच काम करते आहे.

ते इतके हसले की गाडी हलली. "अरे बेन, आपल्या गाडीत बाजूला सीटच नसायची! वजन कमी करायला काढून टाकायचे. बाजूला बसणारा त्या डोंगराबिंगराच्या रॅलीत. अमे तो एकला! ड्रायव्हर एकटाच!" आणि मग त्यांचं हसू एकदम थांबलं. त्यांनी पुढे वाकून काकांच्या डाव्या कानशिलापाशी हात हलवला. काकांना तो दिसला नाही. डहाणूपर्यंत मी डावीकडचं काही सांगायचंच विसरले.

नटूभाईंना सोडल्यावर मी विचारलं. काका म्हणाले, "काचबिंदू. डाव्या डोळ्याचं काम आटोपलंय. वलसाडचा डॉक्टर बोलला, उजवा टिकेल."

मी भयंकर चिडले. मला दोन वर्षं फसवलं याचा राग होताच, पण त्याहून जास्त स्वतःच्या मूर्खपणाचा होता. "आणि माझ्या जिवाचं काय?"

"तुमचा जीव होता म्हणून तर चाळीसच्या वर गेलो नाही."

त्या रात्री मला झोप लागली नाही. माझं सोडा, पण त्यांच्या स्कूलमध्ये शिकायला येणारी ती मुलं? एका डोळ्याने हा माणूस त्यांना हायवेवर नेतो? दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम एसटीने गेले, आणि मधल्या सुट्टीत तडक पेट्रोलपंपाशेजारच्या त्यांच्या गाळ्याकडे निघाले. स्कूल बंद करा, नाहीतर मी सगळ्यांना सांगते, असं ठणकावून सांगायचं ठरवलं होतं.

गाळ्यात खताचं दुकान होतं.

"स्कूल?" दुकानदार म्हणाला. "काकांनी कधीच बंद केलं, दोन वर्षं झाली. डॉक्टरकडून आले त्याच दिवशी बोर्ड उतरवला. बोलले, आता लोकांच्या पोरांना शिकवायचा मला हक्क नाही."

"मग ते रोज तलासरीला येतात कशाला?"

त्याने रस्त्यापलीकडे बोट दाखवलं. चिंचेखाली काकांची गाडी उभी होती. "शाळा सुटेपर्यंत तिथेच असतात. विचारलं तर सांगतात, बाईंना सोडायला आलोय. आज तुम्ही नव्हता बरोबर, तरी आलेत."

मी रस्ता ओलांडून गेले. काका स्टिअरिंगवर हात ठेवून बसले होते. डबा बाजूच्या सीटवर, न उघडलेला. मी त्यांच्या डाव्या खिडकीशी जाऊन उभी राहिले. दोन हातांवर होते, पण त्यांना पत्ता नव्हता. मला ओरडायचं होतं. सगळं पाठ करून आले होते. पण त्याऐवजी मी काचेवर टकटक केली.

ते दचकले. "बाई? शाळा सुटली?"

"नाही. दुकानात जाऊन आले."

त्यांनी डबा उचलून मांडीवर घेतला. "काकू गेल्यापासून घरात बोलायला कोणी नाही. मुलगा पुण्यातून रविवारी फोन करतो, तब्येत विचारतो, ठेवतो. इथे जाऊन-येऊन दोन तास कोणीतरी बाजूला बसतं. स्कूल बंद झालं हे सांगितलं असतं, तर तुम्ही जीप धरली असती. धरली असती की नाही?"

धरली असती. संकोचाने का होईना, नक्की धरली असती. मी खोटं बोलले नाही.

"चावी द्या," मी म्हटलं. "उद्यापासून मी चालवणार."

त्यांनी चावी काढली, पण हातातच ठेवली. "हे बरोबर बोललात. चालवा तुम्ही. गाडी घेऊन जा रोज." मग हळूच म्हणाले, "पण मला कशाला न्याल? मला तलासरीत काय काम?"

"बाईंना सोडायचं," मी म्हटलं, आणि हात पुढे केला.