मल्लेश्वरमची फत्ते आणि आयकार्डाचा पट्टा

श्री. मल्हारराव नागपूरकर यांनी मल्लेश्वरमचा दरवाजा कैसा सर केला, ते यथास्थित लिहिणे ऐसी आज्ञा जाहली, म्हणोन लिहिले असे. पदरचे मीठ घातले आहे, परंतु चवीपुरतेच.

राव संगणकाचे चाकरीनिमित्त बेंगळूर प्रांती महादेवपुऱ्यास राहात. माणूस सरळ, नशीब मात्र ऐसे की खासे आत शिरले की लिफ्ट बंद पडे. त्यांचा जीव सिद्धीबाई पुणेकर यांजवर जडला आणि बाईंचीही मेहेरनजर होती, परंतु चित्रपटास जाण्याचे तीन करार जाहले आणि तीनही वेळा राव मध्यंतरास पोहोचले, मग बाईंचे फर्मान सुटले की, शनिवारी मल्लेश्वरमी फिल्म क्लबात फिनलंडाकडील विनोदी चित्रपट आहे, नायक जन्माचा करंटा आहे, तुम्हांस पाहणे अगत्याचे. दार सहास लागते ते उघडत नाही. चुकलात तर पुन्हा फोन करणे नाही. आणखी ताकीद की, सुटीचे दिवशी तो आयकार्डाचा पट्टा गळ्यात मिरवीत येणे नाही.

राव बहुत कष्टी जाहले. बाई गेल्या तर या शहरी आपले म्हणावे ऐसे कोण, ही चिंता लागोन जेवण जाईना.

शनिवारी दोन प्रहरीच कूच केले. नवा सदरा, अत्तर, सर्व सरंजाम जाहला, परंतु पट्टा उतरविणे राहोन गेले. सवाष्णीचे मंगळसूत्र तैसा तो या मुलखी चाकरमान्यांचे गळा असतो, खबर राहात नाही. मग देवाप्पा रिक्षावाले यांनी, स्वल्प थांबा सार, म्हणोन गॅसचे रांगेत पाऊण तास मुक्काम केला, आणि मग मेट्रो धरिली, आणि मॅजेस्टिकास गर्दीने खाशांस उचलोन भलत्याच फलाटी नेले, आणि तेथोन माघारी येवोन, संपिगे रस्त्यास उतरोन धाव घेतली तो उजवे पायीची चप्पल धारातीर्थी पडली.

क्लबाचे दारी राखणीस गंगव्वा होत्या. बेळगावकडील, मराठी उत्तम, दया बेताची. सहाचा ठोका पडला आणि त्या दार लोटीत असता रावांनी मुंडी आत घातली, गंगव्वांनी दार रेटिले, रावांनी मुंडी मागे घेतली आणि दार लागले. मुंडी वाचली, परंतु कार्ड आत राहिले, पट्टा फटीत दाटला आणि खासे बाहेर दारास गळ्याने बांधले गेले. कडी बसेना. आत हशा उसळला. पडद्यावर नायकाचा टाय ट्रामचे दारी अडकला होता, हे रावांस पुढे कळले. ते समयी वाटले की, संपले, आता नागपूरचे तिकीट काढावे.

इतक्यात शेवटले रांगेतून हसू आले, तीन महिने न ऐकिलेले. फटीत लोंबते कार्ड, त्यावरील रावांचे भेदरले चित्र, हे सिद्धीबाईंनी पाहिले होते. हुकूम जाहला की, अक्का, दार उघडा, तो आमचाच आहे.

कडी बसत नाही, म्हणोन गंगव्वांसही इलाज नव्हता. दार उघडले आणि राव आडवे होवोन आत दाखल जाहले.

येणेप्रमाणे मल्लेश्वरमचा दरवाजा सहा वाजोन दोन मिनिटांनी फत्ते जाहला. आपलेकडील चप्पल एक कामी आली. पट्टा जप्त होवोन बाईंचे पर्सेत दाखल. शेजारील खुर्ची रिकामीच होती. तीवर बाईंनी साडेपाचापासोन आपला रुमाल टाकोन ठेविला होता.