आंबेनळीतला ट्रेलर आणि मुनाफभाई

आमच्या ऑफिसातले मुनाफभाई कोडमधली कुठलीही ओळ कधी पुसत नसत. ओळ निकामी झाली की तिच्यापुढे खूण करून तिला बंद करत आणि वर लिहून ठेवत, ‘झोपलीय. उठवू नये.’ अशा झोपलेल्या ओळी जाग्या ओळींच्या दुप्पट झाल्या होत्या. मी कुरकुर केली की म्हणत, ‘असू दे रे. खायला मागते काय?’ टेबलालाही हाच न्याय होता. खणात शाई संपलेली पेनं, जुन्या माऊसमधले गोळे आणि भावाने दुबईहून पाठवलेल्या खजुराचे रिकामे डबे.

महाडला हायवेवर, टायरच्या दुकानाच्या माडीवर आमचं ऑफिस होतं. मालक म्हणजे शेठ, मुनाफभाई, मी आणि आणखी दोघं. ट्रान्सपोर्टवाल्यांसाठी आम्ही प्रोग्राम बनवायचो. कुठली गाडी, कुठला माल, कुठल्या रस्त्याने, हे तो सांगायचा. मुनाफभाई तेव्हा आमचे मुख्य. मग एक दिवस प्रोग्रामने लोखंडाने भरलेला लांबलचक ट्रेलर पोलादपूरहून थेट आंबेनळी घाटात धाडला. एका वळणावर तो असा अडकला की नाक कड्याला आणि शेपूट दरीवर. दिवसभर घाट बंद. एक नवरदेव म्हणे मुंडावळ्या सांभाळत पायी पुढे गेला.

गिऱ्हाईकाने शेठना फोनवर सोलून काढलं. मुनाफभाई पुढे झाले आणि म्हणाले, ‘माझ्या हातून झालं.’ शेठनी त्यांना आतल्या खोलीत बसवलं, गिऱ्हाईकांशी त्यांचं बोलणं बंद केलं आणि त्यांची खिडकीजवळची खुर्ची पुढे मला दिली. ट्रेलर अडकला तेव्हा मी दोन महिन्यांचा नवखा. खुर्ची घेताना मला आनंदच झाला होता.

चार वर्षांनी शेठनी फर्मान काढलं. सगळा कोड ऑफिसातल्या कॉम्प्युटरवरून इंटरनेटवरच्या नव्या जागी हलवायचा. पुराचं पाणी एकदा जिन्यापर्यंत आलं होतं, त्याची त्यांना धास्ती होती. आता कोडबरोबर त्याची हिस्ट्री असते, म्हणजे कुठली ओळ कोणी, कधी बदलली याच्या नोंदी. मला वाटलं, मुनाफभाई त्यातली एकेक नोंद जपून नेतील. ते म्हणाले, ‘हिस्ट्री इथंच राहू दे. आजचा कोड तेवढा न्यायचा.’

खजुराचा रिकामा डबा न टाकणारा हा माणूस! मी बघतच राहिलो.

‘का हो मुनाफभाई?’

‘जड होईल.’

‘इंटरनेटला कसलं आलंय जड?’

‘ऐक माझं. नव्या जागेत कुणीपण क्लिक केलं की नाव दिसतं. शेठपण बघतील. कशाला उगाच?’

बिचाऱ्यांना आंबेनळीची लाज वाटत असणार, असं मी धरून चाललो. तेवढी एक नोंद गुपचूप वगळता येते का ते बघावं म्हणून, ते जुम्याच्या नमाजाला गेले असताना मी हिस्ट्री उघडली. लांब गाड्या आंबेनळीत पाठवू नयेत, ही ओळ कोणीतरी साफ पुसली होती. शेजारी टीप होती, ‘फालतू ओळी काढल्या.’ खाली नाव माझं होतं.

मुनाफभाई ओळ पुसत नाहीत हे अख्ख्या ऑफिसला ठाऊक होतं. तरी ट्रेलर अडकला त्या दिवशी हे कोणाच्या डोक्यात आलं नाही, माझ्याही नाही.

ते परतले तेव्हा माझ्या स्क्रीनवर तीच नोंद होती. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून खिशात घातली आणि शेजारी बसले.

‘तुझं लग्न ठरलेलं तवा,’ ते म्हणाले. ‘शेठनी तुला त्याच दिवशी घरी पाठवला असता. मी जुना माणूस, मला काय काढणार नव्हते.’

‘आणि ही चार वर्षं?’

‘त्याचं काय नाय रे.’ त्यांनी खिशातली टोपी चाचपली. ‘पयले आठ दिवस जड गेले. वाटायचं, कुणीतरी शेठला सांगेल, मुनाफ असं करणार नाय. कोण बोललंच नाय.’

मला त्यांच्याकडे बघवेना. मी पहिल्या नोंदीपासून सगळी हिस्ट्री नव्या जागी चढवायला लावली. मुनाफभाई ‘अरे, नको’ म्हणत राहिले. शेठ खाली टायरवाल्याकडे चहा पीत बसले होते. मी जिना उतरलो आणि त्यांना वर घेऊन आलो.