मुंगसाबद्दल दोन चांगले शब्द

एका जंगलात, बाळांनो, एक मुंगूस राहत होतं. गोष्ट अगदी खरी आहे. देवाशपथ सांगतो, ते जंगल मी या डोळ्यांनी पाहिलंय. म्हणजे जंगल नाही, पण तिथून आलेला मध मी खाल्लाय. आता खरंच सांगायचं तर मध माझ्या साडूनं खाल्ला आणि मी बाटली पाहिली. पण बाटली खरी होती, तेव्हा गोष्टही खरीच.

तर त्या मुंगसाचं नाव नारबा. साप मारण्यात नारबाचा हात धरणारं त्या जंगलात कोणी नव्हतं. नाग असो, मण्यार असो, नारबा दोन उड्या मारायचा आणि तिसऱ्या उडीला सापाची मान दातात. आवाज नाही, आरडाओरडा नाही. काम झालं की मिशा पुसून घरी.

घराचं मात्र विचारू नका. एका जुन्या वारुळात त्याचं बिऱ्हाड होतं आणि ते वारूळ होतं नेमकं हत्तींच्या वाटेवर. हत्ती पाण्याला निघाले की छप्पर ताटात यायचं. हत्ती परत आले की उरलेलं छप्पर यायचं. नारबाची बायको सरू पिलांच्या कानांतली माती काढता काढता म्हणायची, "सापांना तुमची भीती वाटते म्हणे. हत्तींना थोडी वाटली असती तर बरं झालं असतं."

अशात महाराणी सिंहिणीला बछडे झाले. दवंडी पिटली गेली. राजगुहेवर एक बछडेरक्षक नेमायचा आहे. काम एकच, सापाला गुहेजवळ फिरकू द्यायचं नाही. रोज ताजी अंडी मिळतील आणि राहायला गुहेशेजारची दगडी कपार.

"दगडी," सरू म्हणाली. पुढचं तिनं ऐकलंच नाही.

नारबा दरबारात गेला. दारावर कारकून होता साळिंदर. त्यानं नारबाकडे पाहिलं नाही. कारकून पाहत नसतात.

"साप मारता येतात," नारबा म्हणाला.

"ते इथं सगळेच म्हणतात. मोरसुद्धा आत्ताच म्हणून गेला, वर नाचूनही दाखवलं त्यानं," साळिंदर म्हणाला. "तुम्हाला ओळखतं कोण?"

"म्हणजे?"

"तुमचं काम जवळून पाहिलेलं कोणीतरी आणा. पौर्णिमेला दरबार आहे. तिथं येऊन त्यानं तुमच्याबद्दल दोन चांगले शब्द बोलायला हवेत. महाराणीसाहेबांचा नियम आहे. अनोळखी माणसाला आपण पोरांजवळ ठेवत नाही."

नारबा घरी आला आणि विचारात पडला. आपलं काम जवळून कोणी पाहिलंय? जांभळीखालच्या मण्यारीनं पाहिलं होतं, अगदी जवळून. ती आता नव्हती. ओढ्याकाठच्या नागानं पाहिलं होतं. तोही नव्हता. नारबाच्या कामात खोट काढायला जागा नव्हती, आणि हीच त्या कामातली खोट होती. पाहणारा मागे उरतच नव्हता.

"तुम्ही चारचौघांत मिसळत नाही, त्याची ही फळं," सरू म्हणाली. "चंपाताईंना जाऊन भेटा."

चंपाताई म्हणजे एक गोचीड. सध्या त्यांचा मुक्काम गवा प्रधानांच्या डाव्या कानात होता. त्याआधी त्या नीलगाईवर होत्या, आणि काही दिवस तर खुद्द महाराणीच्या शेपटीवर काढले होते म्हणे. मोठ्या लोकांशी इतका जवळचा संबंध जंगलात दुसऱ्या कोणाचा नव्हता.

प्रधान रवंथ करत बसले होते. नारबा त्यांच्या कानाशी जाऊन उभा राहिला.

"काय करतोस रे तू?" आतून आवाज आला.

"साप मारतो, ताई."

"ते झालं काम. करतोस काय? संध्याकाळी कुठं असतोस? बसतोस कोणात?"

"घरीच असतो."

कानातून एक सुस्कारा ऐकू आला. दुखवट्याला गेल्यावर टाकतात तसा.

"अरे, माझ्याकडे बघ," चंपाताई म्हणाल्या. "मला पंख नाहीत, नखं नाहीत, रूपाचं तर बोलायलाच नको. तरी आज प्रधानांच्या कानात राहते. कशी? गवताच्या टोकावर बसायचं. पुढचे पाय हवेत धरायचे. येणाऱ्या-जाणाऱ्याकडे हसून बघायचं. कधी ना कधी कोणीतरी मोठं अंगाला घासून जातंच. मग मात्र सोडायचं नाही."

"आणि मग काम काय करायचं?"

"हेच," चंपाताई म्हणाल्या.

त्या काळी जंगलातली बडी मंडळी संध्याकाळी चिखलात बसत. चिखलाचं नुसतं निमित्त, खरं काम गप्पांचं. चंपाताईंच्या सांगण्यावरून नारबा तिथं जाऊ लागला. गवा बसला की चिखल त्याच्या पोटाला लागायचा. नारबा बसला की मिशांपर्यंत यायचा. तरी तो हसत राहायचा. हसू दिसावं म्हणून मान उंच धरायचा.

जाताना सागाच्या पानांवर स्वतःच्या पंजाचा ठसा उमटवून न्यायचा. भेटेल त्याला एक पान द्यायचं, म्हणजे आपण लक्षात राहतो, असं चंपाताईंनी सांगितलं होतं.

पहिलं पान त्यानं सांबराला दिलं. सांबरानं ते आदरानं घेतलं आणि खाल्लं.

"कोवळं आहे," सांबर म्हणालं. "आणखी आहेत?"

नारबानं सगळी पानं दिली. नाही म्हणायचं नसतं.

"आपण काय करता?" सांबरानं तोंड पुसत विचारलं.

"साप मारतो."

"छान, छान. आणि नोकरी?"

चार दिवसांनी चंपाताईंनी चौकशी केली, "झाल्या का ओळखी?"

"सांबर ओळखतं," नारबा म्हणाला. "भेटलं की पानं आणलीत का विचारतं. पण ताई, ते माझ्या कामाबद्दल काय बोलणार? माझं काम सापच सांगू शकतील."

"मग धर एखादा साप."

"धरतोच की."

"धर आणि सोड."

 नारबाच्या सात पिढ्यांत धरलेला साप कोणी सोडला नव्हता. हे ऐकून आजोबांना काय वाटलं असतं, हा विचार त्याच्या मनात आला. पण तेवढ्यात हत्ती पाण्याला निघाल्याचा आवाजही कानावर आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी केतकीच्या बनात त्याला शेषराव भेटले. शेषराव म्हणजे जुना, वजनदार नाग. बोलणं तोलून मापून. नारबानं दोन उड्या मारल्या आणि तिसऱ्या उडीला शेषरावांची मान दातात.

मग मात्र नारबा थांबला.

शेषरावांनी डोळे मिटले होते. काहीच होईना, तेव्हा त्यांनी एक उघडला.

"काही अडचण आहे का?"

"एक विचारायचं होतं," नारबा दातांतून म्हणाला. "माझ्याबद्दल दरबारात दोन चांगले शब्द बोलाल का?"

"मान सोडलीत तर चार बोलेन."

पौर्णिमेला दरबार भरला. शेषराव फणा काढून उभे राहिले, तसा साळिंदर दोन पावलं मागे सरकला.

"महाराणीसाहेब," शेषराव म्हणाले, "मी आयुष्यात पुष्कळ मुंगसं पाहिली. काही नुसती उड्या मारतात. काही मान सोडून शेपटी धरतात, त्यात दोघांचाही वेळ जातो. नारबांचं तसं नाही. त्यांनी मान धरली आणि मला वाटलं, झालं, आता आपण काळजी करायचं कारण नाही. इतकं निश्चिंत मला दुसऱ्या कोणाच्या तोंडात वाटलेलं नाही."

दरबार गहिवरला. सांबराच्या तर डोळ्यांत पाणी आलं.

"मग तुम्ही वाचलात कसे?" महाराणीनं विचारलं.

शेषरावांनी क्षणभर विचार केला. "तो त्यांच्या मनाचा मोठेपणा," ते म्हणाले.

नारबा बछडेरक्षक झाला. मोर घरी गेला. सरूनं दगडी कपारीच्या भिंतीला तीनतीनदा हात लावून पाहिला. काहीही खाली पडलं नाही.

आठवड्याभरानं शेषराव आले.

"सहज आलो," ते म्हणाले. "ओळख आहे म्हणून. हा माझा भाचा. मुलगा शांत आहे. तुमच्या कपारीमागं सावली बरी आहे म्हणतो."

नारबाला नाही म्हणवेना. भाचा राहिला. मग भाच्याचे मित्र आले, मित्रांची सासुरवाडी आली, शेवटी शेषरावही राहायला आले. अट एकच ठरली, बछड्यांच्या वाटेला जायचं नाही. आणि बाळांनो, साप शब्दाचे पक्के. कोणी गेलं नाही.

गुहेत साप शिरल्याची एकही तक्रार नाही, म्हणून नारबाचं नाव झालं. तरुण मुंगसांपुढे त्याची भाषणं ठेवू लागले. विषय असायचा, 'साप: समस्या नव्हे, संबंध'. अंडी खाऊन त्याचं पोट सुटलं आणि नखं वाढली.

"अहो, मागच्या अंगणात सगळी भाचेमंडळी पसरलीत," सरू म्हणायची. "पोरांना खेळायला जागा नाही."

"त्यांना बोलू नकोस काही. ओळखीचे आहेत."

"मग जेवायलाच बोलावू का?"

"बोलावलंय," नारबा म्हणाला.

आणि एके दुपारी नदीपलीकडून एक घोणस आली. ती कोणाला ओळखत नव्हती. तिला कोणी ओळखत नव्हतं. आणि तिला त्याचं काही वाटतही नव्हतं.

गुहेच्या तोंडाशी धाकटा बछडा स्वतःच्या शेपटीशी खेळत होता. घोणस सरळ त्याच्याकडे निघाली. वाटेत नारबा उभा होता.

जुन्या सवयीनं त्याचे पाय वाकलेसुद्धा. पण मन म्हणालं, थांब. ही शेषरावांच्या नात्यातली निघाली तर? शेषराव दुखावले तर दरबारात आपल्याबद्दल बोलणार कोण? कपार गेली, की पुन्हा वारूळ. नारबानं पाय सरळ केले, मान उंच धरली आणि तो हसला.

"नमस्कार. आपण कोणाकडून आलात?"

घोणशीनं कुकरसारखा एक लांब फूत्कार टाकला. नारबाला वाटलं, आडनाव सांगितलं.

"शेषराव," त्यानं मागे वळून हाक मारली, "जरा बघता का? तुमच्यातल्या वाटतात."

शेषरावांनी कपारीतून डोकं काढलं. "आमच्यातली नाही," ते म्हणाले. "घोणशींशी आमचं जाणं-येणं नाही. तुम्हीच बोला. तुमचा आवाका मोठा आहे."

एवढं होईस्तोवर घोणस नारबाला वळसा घालून पुढे गेली होती. बछड्याला वाटलं, आणखी एक शेपटी आली. त्यानं हौसेनं पंजा पुढे केला.

तेवढ्यात सरू हनुवटीखाली अंडं धरून ओढ्याकडून येत होती. तिनं अंडं टाकलं. दोन उड्या मारल्या. तिसऱ्या उडीला घोणशीची मान दातात. तिनं कोणाला काही विचारलं नाही.

बछडा हिरमुसला. नवी शेपटी आता हलत नव्हती.

"वहिनी, हात चांगला आहे हो तुमचा," शेषराव म्हणाले.

सरूनं मिशा पुसल्या आणि त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. शेषराव वयाच्या मानानं फार चपळाईनं आत गेले.

गडबड ऐकून महाराणी धावत आली. तिनं सरूला जवळ बोलावलं. बछड्यानं सरूच्या अंगाला अंग घासलं. नारबानं खाली मान घातली आणि आपली जागा सरूला दिली. शेषराव भाच्यांना घेऊन नदीपार गेले. आणि ती दगडी कपार कायमची सरूच्या नावानं झाली.

किती छान, नाही?

एवढाच भाग मी रचला, बाळांनो. तुमचे चेहरे बघून राहवलं नाही. बाकी सगळं खरं, आणि पुढचं तर फारच खरं.

झालं असं, की महाराणीनं विचारलं, "हिला मारलं कोणी?" कपारीतून शेषराव बाहेर आले आणि नारबाबद्दल चांगले चार शब्द बोलले. भाचेमंडळींनी माना डोलावल्या. "मी मारलं," असं सरू म्हणाली, पण ती नारबाची बायको. नवऱ्याच्या कामाचा अभिमान बायकोला असायचाच, असं समजून महाराणीही कौतुकानं हसली. नारबाला सर्पविभागाचा प्रमुख केलं. शेषराव उपप्रमुख झाले.

संध्याकाळी नारबा कपारीत आला तो जरा रागातच. "कोण, कुठली, काही विचारायचं तरी," तो सरूला म्हणाला. "नदीपलीकडे आपली एकही ओळख नाही. आयती चालून आली होती."

सरू ताटं मांडत होती.

"अंडं फुटलं. घोणसच आहे," ती म्हणाली. "वाढू, का उपप्रमुखांना विचारून येता?"

तात्पर्य: हातातलं काम कधीही पुरं करू नये. ज्यांना संपवायला आपल्याला नेमलंय, त्यांतला एक तरी खाऊपिऊ घालून नीट जपावा. बढतीच्या वेळी आपल्याबद्दल तोच बोलतो. आणि घरात काम येणारं एक माणूस जरूर असावं. त्याला कोणी ओळखत नसलं तर उत्तमच.