वरच्या मजल्यावरची चार टन माती

मी लिहिलेला भाडेकरार मोडून दाखवा, असं माझं जगाला आव्हान होतं! भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झालेला माणूस करार लिहितो तेव्हा त्यात फट राहत नाही. तेवीस कलमं! खिळा ठोकायचा तर भिंत, जागा आणि खिळ्याची लांबी लेखी कळवायची. गंभीर उल्लंघन झालं, तर सात दिवसांत खोली रिकामी!

हा करार मुकाट्यानं वाचून सही करणारा एकच माणूस भेटला. विजयसिंह. गारगोटी गावचा, विमा कचेरीत कारकून, अंगानं उदबत्तीच्या काडीएवढा. आमच्या वरच्या मजल्यावर राहायला आला. रोज संध्याकाळी दोन जड पिशव्या घेऊन जिना चढायचा.

"धान्य आणतंय वाटतं," आई म्हणायची. "एवढं खातंय, तरी अंगाला लागंना बिचाऱ्याच्या!"

आठ महिन्यांनी एका सकाळी स्वयंपाकघराच्या छतातून पोह्यांवर तांबडी पूड पडली. मी तातडीनं नमुना घेतला. भिंगाखाली बारीक मातीचे कण. ओला करून निळा लिटमस लावला, तो लाल! वास ताकाचा. वर हळदीची झाक आणि तेलाचा तवंग.

"ताक, हळद, तेल आणि तांबडी माती," मी गंभीरपणे म्हणालो. "हे मिश्रण निसर्गात आढळत नाही."

"आखाड्यात आढळतंय की," बाबा चहा पीत म्हणाले.

मी कागद ओढला. दोन पिशव्या, पिशवीत आठ किलो, दोनशे चाळीस दिवस. तीन हजार आठशे चाळीस किलो! स्लॅबवर जवळपास चार टन माती, आणि तिच्या बरोबर खाली आई, कांदा चिरत!

नोटीस छापली आणि धावलो. मागून बाबा. "आज त्येला जिन्यावरनं खाली टाकतो!"

दार उघडं होतं. खोलीभर वीतभर माती, आणि मधोमध लंगोट लावून विजयसिंह एकटाच शड्डू ठोकतोय!

"कलम अकरा! स्लॅबवर जादा भार!" मी गरजलो आणि पाय आत टाकला.

"चपला काढ!" दोघं एकदम ओरडले. दोघं म्हणजे विजयसिंह आणि बाबा. बाबा माझ्या बाजूनं आले होते हो!

"तालमीत का जाईनास रं?" बाबांनी विचारलं.

"पोरं हसत्यात, मालक. अंगावर फुंकर मारून बघत्यात, उडतोय का म्हणून."

बाबा विरघळले. वाकले, चिमूटभर माती कपाळाला लावली आणि शर्टाची बटणं काढू लागले.

"बाबा, स्लॅबची भार पेलायची मर्यादा..."

"एकच डाव दावतो. लगीच खाली येतो."

दावला. धाडकन आवाज झाला. खाली भांडी कोसळली. मग आई वर आली. हातात उलथनं, अंबाड्यात प्लॅस्टरचा खपला.

"पावणं, आजच्या आज खोली रिकामी करा! आणि तुम्ही? गुडघ्याला तेल लावून देते रोज, ते ह्यासाठी व्हय?"

विजयसिंहानं मान खाली घातली आणि तासाभरात ट्रंक भरली. माझी नोटीस कुणी हातातसुद्धा घेतली नाही!

राहिली माती. "ओढ्याकडेला टाकून देऊ," मी म्हणालो. मी देव्हारा टाकायला सांगितल्यासारखं बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

"आखाड्याची माती टाकत्यात व्हय? खाली न्हिऊया. जमिनीवर कसला आलाय भार!"

"खाली खोली कुठं आहे?"

"तुझी हाय की."

आता स्लॅब सुरक्षित आहे, आई निर्धास्त कांदा चिरते. विजयसिंह मागच्या गल्लीत राहतो आणि रोज पहाटे माझ्या खोलीत बाबांकडून चितपट होतो. माझा पलंग वरच्या मजल्यावर गेला.

काल मात्र मी बाबांना ठणकावलं, "ती खोली माझी आहे! पंचवीस वर्षं राहतोय मी तिथं!"

बाबांनी अंगावरची माती झटकली.

"करार दाव की!"