गोजराबाईचा आवाज एकदम क्लिअर

एका जंगलात एक अस्वल राहत होतं, आणि त्याच्याकडे त्याच्या गुहेत जेमतेम मावेल एवढी मोठी मोटारसायकल होती. मोटारसायकल आत झोपायची आणि अस्वल दाराशी. हसू नका, मुलांनो. तुमच्याही नात्यात असं एखादं अस्वल असेल.

या अस्वलाचं नाव रंगराव. त्याच्या बायकोचं नाव गोजराबाई. ती कुठे झोपायची, याची रंगरावाने कधी चौकशी केली नव्हती.

मोटारसायकल लांबच्या सफरीची होती. दोन्ही बाजूंना पेट्या, मागे आणखी मोठी पेटी, पुढे चांगला ताटाएवढा स्क्रीन आणि गुडघ्यांपाशी स्पीकर. या गाडीवरून रंगराव आजवर पाणवठ्यापर्यंत जाऊन आला होता. पण अंगात काळं जॅकेट घालून गेला होता, म्हणून स्वतःला टूरिंग रायडर म्हणवून घ्यायचा.

त्याआधी त्याच्याकडे एक साधी फटफटी होती. गोजराबाई मागे नीट बसली, की त्याच्या पाठीवर एक थाप मारायची. थाप पडली की गाडी निघायची. थांबायचं असेल तर ती पुन्हा थाप मारायची, आणि रस्त्यात साप दिसला तर दोन्ही हातांनी बडवायची. इतकी वर्षं दोघं असेच फिरले आणि कधी काही बिघडलं नाही. बघा, किती मागासलेली पद्धत!

मग रंगरावाने दोन हेल्मेटं आणली. त्यांच्या आत कानाशी छोटे स्पीकर होते, तोंडाशी माइक होता आणि बाहेरून निळा दिवा लुकलुकत होता.

"हे ब्लूटूथ," रंगराव म्हणाला. "एक माझं, एक तुझं. दोन्ही गाडीला जोडायची. मग गाणी, फोन, रस्ता सांगणारी बाई, सगळं थेट कानात."

"आणि मी?" गोजराबाईने विचारलं.

"तूसुद्धा कानात. आता पाठीवर थापा मारायच्या नाहीत. जॅकेटवर वळ उठतात. जे काय असेल ते माइकवर बोलायचं."

गोजराबाई खूश झाली. मुलांनो, तिची काही चूक नाही. लग्नानंतर पहिल्यांदाच नवरा तिला 'बोल' म्हणाला होता.

तेवढ्यात घाटापलीकडून सांगावा आला. गोजराबाईचा एकुलता एक भाऊ सर्जेराव, त्याला मुलगी झाली होती आणि तिचं बारसं होतं. सर्जेरावाचं लग्न उशिरा झालं, मूल त्याहून उशिरा. इतकी वर्षं जंगलातल्या सगळ्या बारशांना गोजराबाई दुसऱ्यांच्या पाळण्याशी उभी राहून गाणी म्हणत आली. आता ती स्वतः आत्या झाली होती.

बारशाला आत्या लागते, हे तुम्हाला ठाऊक असेलच. ठाऊक नसेल तर आईला विचारा. आई फोनवर असेल तर फोन ठेवेपर्यंत थांबा. बाळाच्या कानाशी तोंड नेऊन आत्या 'कुर्रर्र' करते आणि नाव सांगते. जगात सगळ्यात आधी ते नाव बाळाला कळतं. मग आत्या ते मोठ्याने सांगते आणि बाकीच्या बायका तिच्या पाठीत हौसेने धपाटे घालतात.

गोजराबाईने नाव ठरवून ठेवलं होतं. कुणालाच सांगितलं नव्हतं. पाणी भरताना ती ते हळूच म्हणून बघायची आणि तिचे डोळे भरून यायचे. रंगरावाने नाव विचारलं नव्हतं. त्याने विचारलं, "घाटात नेटवर्क असतं का?"

बारशाच्या दिवशी उजाडताच गोजराबाई नवं लुगडं नेसून तयार झाली. झबलं, टोपडं आणि मधाचा बुधला तिने पेटीत भरला. सूर्य डोक्यावर यायच्या आत पाळण्यात घालायचं, असं सर्जेरावाने निरोपात सांगितलं होतं.

"निघायचं ना?" ती म्हणाली.

"पेअरिंग चाललंय," रंगराव म्हणाला.

मोटारसायकलचा एक नियम होता. आधी हेल्मेट जोडायचं, मग फोन. रंगरावाने आधी फोन जोडला. मोटारसायकल म्हणाली, हेल्मेट सापडत नाही. त्याने हेल्मेट जोडलं. मोटारसायकल म्हणाली, फोन कोणता? त्याने गोजराबाईचा फोन तिच्या हातातून घेऊन तोही जोडला आणि मागच्या पेटीत टाकला. आता रंगरावाच्या कानात गोजराबाईच्या फोनवरच्या ओव्या वाजू लागल्या आणि गोजराबाईच्या कानात रस्ता सांगणारी बाई बोलू लागली. ती म्हणत होती, "तुम्ही पोहोचला आहात."

रंगरावाने तरसाला बोलावलं.

तरस हा 'वारा पिणारे' नावाच्या रायडर ग्रुपचा अध्यक्ष. त्याच्याकडे मोटारसायकल नव्हती, पण मतं होती. तो आला, गाडीभोवती फिरला आणि हसला. तरस हसलं की काही सुचलं असं वाटतं, पण ते त्याचं नुसतं तोंड असतं.

"सगळं पुसून टाका," तरस म्हणाला. "पहिल्यापासून जोडा."

सगळं पुसलं. पहिल्यापासून जोडलं. जमलं नाही. तरस पुन्हा हसला आणि म्हणाला, "आता पुन्हा पुसा."

गोजराबाई हेल्मेट घालून दगडावर बसली होती. रंगराव लांबून ओरडायचा, "हॅलो, हॅलो, काहीतरी बोल!"

"अहो, ऊन चढलं," ती म्हणायची.

"खरखर येतेय. परत बोल."

"अहो, उशीर होतोय. पोर वाट बघत असेल."

"आता बरं आहे. पण 'पोर'वर जरा फाटतंय."

शेवटी दोन्ही हेल्मेटं जोडली गेली. मग स्क्रीनने विचारलं, एकाच वेळी सगळे बोलले तर आधी कुणाचं ऐकायचं? रंगरावाने आणि तरसाने बराच विचार केला. पहिली रस्ता सांगणारी बाई. मग फोन. मग गाणी. मागचा प्रवासी सगळ्यात शेवटी.

"म्हणजे गाणं चालू असलं की वहिनींचा आवाज आपोआप बंद," तरस म्हणाला.

"काय सोय केलीय!" रंगराव म्हणाला. दोघांनी टाळी दिली.

अशी ती दोघं निघाली. गाणं दणक्यात सुरू झालं. घाटातल्या प्रत्येक वळणावर गोजराबाई म्हणत होती, "अहो, हळू." यंत्राला शेवटचा क्रमांक नीट कळला होता. रंगरावाला काहीही ऐकू आलं नाही. एकदा तिने सवयीने हात उचलला, पण जॅकेट आठवून तसाच खाली घेतला.

घाटाच्या मध्यावर साळिंदराची चहाची टपरी होती. तिथे गाणं अडकलं. रंगरावाने करकचून ब्रेक लावला. गाणं अडकलं म्हणजे प्राणच अडकला की नाही?

"उतरू नकोस म्हणू का उतर म्हणू?" असा तो घोटाळला आणि म्हणाला, "उतर, पण हेल्मेट काढू नकोस. टेस्टिंगला लागेल."

तो स्क्रीन टोचत बसला. गोजराबाई टपरीमागे गेली. वाटेत धुळीने लुगडं माखलं होतं, ते तिला झटकायचं होतं. पाळण्याशी उभं राहायचं तर जरा बरं दिसावं, एवढंच. रांजणातल्या पाण्याने तिने हातपाय धुतले आणि ते नाव पुन्हा एकदा मनात म्हणून पाहिलं.

इकडे स्क्रीनवर हिरवी खूण आली.

"हॅलो," रंगराव माइकमध्ये म्हणाला. "ऐकू येतंय का?"

"येतंय," टपरीमागून गोजराबाई म्हणाली.

आवाज दोन्ही कानांत अगदी जवळून आला. आता तुम्हीच सांगा, मुलांनो. ज्याच्या दोन्ही कानांत बायको बोलतेय, त्याने मागे वळून कशाला बघावं? फटफटी असती तर पाठीवर थाप पडेपर्यंत तो हलला नसता. पण आता तो सुधारला होता. 'बसलीस का' असं विचारायची त्याला आता गरज नव्हती. 'ऐकू येतंय का' एवढं विचारलं की झालं.

मोटारसायकल निघाली. ती एवढी जड होती, की मागे बायको आहे की नाही याचा तिला काही फरक पडत नव्हता.

गोजराबाई धावत टपरीपुढे आली. तिने पाहिलं, तर नवरा वळणाकडे चालला होता, आणि त्याच्यासोबत झबलं, टोपडं, मध आणि तिचा फोन चालला होता.

"अहो!" ती ओरडली. "थांबा! मी मागं राहिले!"

"वा!" रंगराव म्हणाला. "आता कसा आवाज आला! एकदम क्लिअर!"

"अहो, मी टपरीवर आहे! मी मागं राहिले!"

"क्या बात है! अगं, तू कानात बसून बोलतेयस असं वाटतंय. पुन्हा म्हण ते. 'मागं राहिले' म्हण. बघतो बेस किती येतोय ते."

"अहो, बारसं आहे हो! मी आत्या आहे!"

"'आत्या' छान आलं," रंगराव म्हणाला. "तरसाला सांगायला हवं."

मोटारसायकल वळणाआड गेली. हेल्मेट ते हेल्मेट जेवढा आवाज पोचतो तेवढं अंतर संपलं. गोजराबाईच्या कानात एक बारीक शीळ वाजली आणि मग काहीच आलं नाही. ती रस्त्याच्या मधोमध उभी राहिली आणि हेल्मेटच्या आत रडली. डोळे पुसायला हात आत जात नव्हता.

तिकडे रंगराव म्हणाला, "गप्प का झालीस? बरं, दमली असशील. गाणं लावतो."

सर्जेरावाच्या गुहेपुढे सगळे वाट पाहत होते. पाळणा फुलांनी सजवला होता. बायका धपाट्यांसाठी बाह्या सरसावून उभ्या होत्या. मोटारसायकल धडधडत आली तशी सर्जेराव धावला.

"या दाजी! आणि आक्का?"

"ही काय," रंगराव म्हणाला आणि अंगठ्याने मागे दाखवलं.

मागे रिकामी सीट होती.

रंगराव सीटकडे पाहत राहिला. मग त्याने स्क्रीनकडे पाहिलं. "पण कनेक्टेड होती," तो म्हणाला. "बघा ना, इथे हिरवी खूण होती. तिने हेडसेट नीट चार्ज केला नसणार. मी हजारदा सांगितलं होतं."

"दाजी, आक्का कुठं आहे?"

"रेंजच्या बाहेर," रंगराव म्हणाला.

सर्जेराव चांगला होता, म्हणजे निदान त्या क्षणी होता. तो म्हणाला, "आक्का आल्याशिवाय पाळण्याला हात लावायचा नाही. मी जातो आणायला." तो निघालाही. पण जाता जाता त्याने गाडीकडे पाहिलं आणि विचारलं, "दाजी, या हिरव्या खुणेचं काय म्हणालात?"

बस, संपलं.

रंगरावाने त्याला हेल्मेट घातलं. "यात फोनसुद्धा येतो?" सर्जेराव ओरडला, कारण हेल्मेट घातलेल्याला आपण ओरडतोय हे कळत नाही. त्याची बायको आली, तिने घालून पाहिलं. बाह्या सरसावलेल्या बायका आल्या. ज्यांना हेल्मेट मिळालं नाही, त्यांनी आपापल्या पिशव्यांतून आपापली कानातली यंत्रं काढली आणि ती मोटारसायकलला जोडता येतात का ते पाहू लागल्या. एकच हाकाटी सुरू झाली. "हॅलो, हॅलो, ऐकू येतंय का?" सूर्य डोक्यावर आला आणि कलला. पाळण्यातली पोर रडली. तिचा आवाज कुठल्याच यंत्राला जोडलेला नव्हता, त्यामुळे ती रडून रडून आपली आपण गप्प झाली.

मग गवताने भरलेली एक बैलगाडी आली आणि तिच्यातून गोजराबाई उतरली. लुगड्याला गवताच्या काड्या चिकटल्या होत्या. हेल्मेट काखेत होतं. अंगणात एवढी गर्दी, पण कुणी वळून पाहिलं नाही. सगळ्यांच्या पाठी तिच्याकडे होत्या आणि कान भरलेले होते.

ती पाळण्याशी गेली. पोर टक्क जागी होती. गोजराबाई वाकली. तिने त्या एवढ्याशा केसाळ कानाशी तोंड नेलं, 'कुर्रर्र' केलं आणि नाव सांगितलं. पोरीने आत्याचं नाक धरलं. गोजराबाईला इतका आनंद झाला, की टपरी, घाट, नवरा, सगळं क्षणभर विसरायला झालं.

मग ती सरळ उभी राहिली आणि मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं, तिने ते नाव सांगितलं.

कुणालाही ऐकू गेलं नाही.

तिने पुन्हा सांगितलं. तिच्या पाठीत धपाटा घालायला कुणी आलं नाही. फक्त रंगरावाला तिचे ओठ हलताना दिसले. त्याने आनंदाने हात हलवला आणि डोक्याकडे बोट दाखवून खुणेने सांगितलं, 'आधी हेल्मेट घाल, मग बोल.'

गोजराबाईने हेल्मेट घातलं नाही. ते तिने जमिनीवर ठेवलं आणि पोरीला उचलून घेऊन ती आत गेली.

संध्याकाळी पाहुण्यांनी विचारलं, नाव काय ठेवलं? ते कुणालाच सांगता येईना. गोजराबाईला विचारा, असं कुणीतरी म्हणालं. पण ती म्हणाली, "मी सांगितलं. मोठ्यानं सांगितलं. दोनदा." आणि ती पोरीला थोपटत बसली. दिवसभर अंगणात जे ओरडणं चाललं होतं, त्याला पोर मान वळवायला लागली होती. म्हणून सगळे तिला 'हॅलो' म्हणू लागले. आजही म्हणतात. शाळेत नाव घातलं तेव्हाही तेच घातलं, आणि मास्तरांना ते आवडलं.

खरं नाव गोजराबाईला माहीत आहे, त्या पोरीला माहीत आहे आणि मला माहीत आहे. मी ते आता, या गोष्टीत, अगदी स्पष्ट सांगितलंसुद्धा. तुमच्यातल्या कुणीच मान वर केली नाही. कानांतलं ते आधी काढा, मुलांनो. आता काढून उपयोग नाही म्हणा. मी पुन्हा सांगणार नाही.

तात्पर्य : वाटेत कुणी मागे राहिलं, तर दोष मागे राहणाऱ्याचाच असतो, पुढे गेलेल्याचं यंत्र उत्तम चालू होतं. म्हणून मागे राहणाऱ्याने हाका मारताना आवाज तेवढा स्पष्ट ठेवावा. ऐकणाऱ्याला बरं वाटतं.