आधी गाय, मग बाबा

मठाला फाटक बसलं त्या दिवशी नानांची तांबू बाहेर राहिली.

नाना म्हणजे पोशीरमधले माझे शेजारी. डोंगराखालच्या मठात गेले की देवाच्या आधी ते गाय-वासरू कोरलेल्या दगडाला हात जोडायचे. फार पूर्वी कुणा राजाने मठाला जमीन दिली, तिची ती खूण, असं मी वाचलं होतं. नानांना ते मंजूर नव्हतं.

"राजा कशाला? जंगलात पाणी गायीला गावलं. आधी गाय बसली, मग बाबा बसला, मग गाव बसलं."

नाहीतर मठाचे मूळ बाबा दूध कुठून प्यायचे, हा त्यांचा पुरावा. लग्नाच्या पंगतीत, तेराव्याला, एसटीच्या थांब्यावर ते हाच इतिहास सांगत. ऐकणारा उठून गेला की उरलेला तांबूला.

तांबू मठाला सोडलेली गाय. तिला बांधायचं नाही, तिचं दूध काढायचं नाही. रोज मठाच्या टाक्यावर पाणी प्यायची आणि परतताना कमिटीची फुलझाडं खायची. म्हणून फाटक. नानांनी अध्यक्षांकडे खेटे घातले, शेण काढायचीही तयारी दाखवली. फाटक हललं नाही.

मग भंडारा आला. सोडलेल्या गायीने दगडापाशी पहिला घास खाल्ल्याशिवाय महंत जेवत नाहीत, आणि महंतांच्या आधी कुणीच जेवत नाही, ही मठाची रीत. पानं वाढून झाली तेव्हा कमिटीला गाय आठवली. फाटक उघडलं तर आपली हार, म्हणून अध्यक्षांनी पान बाहेर पाठवलं.

नानांनी ते परत केलं. "रस्त्यात खायला भिकारीण हाय काय ती? मालकीण हाय."

अध्यक्षांनी घरची जर्सी गाय आणवली. तिने पुरणपोळी हुंगली आणि अध्यक्षांच्या गळ्यातला हार खाल्ला. भात गार होत होता. महंत डोळे न उघडता म्हणाले, "फाटक उघडू नका. काढूनच ठेवा."

पंगतीतली पोरं उठली आणि त्यांनी फाटक बिजागऱ्यांतून उचललं. ढोल वाजला. तांबू वरमाईसारखी आत शिरली, दगडापाशी पहिला घास खाल्ला आणि पंगत सुरू झाली.

पंगतीत नाना दिसेनात. दगडाजवळ तांबूच्या मानेवर हात ठेवून बसले होते.

"आमच्या हिनं जाताना हे वासरू मठाला सोडलं रं," ते म्हणाले. "बोलली, मी नाय ऱ्हायले तरी माझ्या नावानं ही देवाला जाईल. मधी खंड पडला. आज गेली."

नाना आता नाहीत. तांबू रोज मठात जाते. मी तिच्याबरोबर चालतो.