उमेदवार बंद इंजिनाशी बोलतो

आमचे शेजारी प्रल्हादनाना स्कूटर सुरू करण्याआधी खिशातून कार्ड काढून मोठ्यानं वाचतात. "पेट्रोल, आहे. आरसे, दोन. स्टँड, वर. शेजारी, लांब." शेजारी म्हणजे मी. मी "लांब" असं उत्तर दिल्याशिवाय स्कूटर सुरू होत नाही. जळगावात मेहरूणमध्ये राहायला आल्यापासून मी रोज सकाळी लांब असतो.

नानांची फैजपूरला केळीची बाग आहे आणि खिशात खाजगी वैमानिकाचा परवाना. तो त्यांनी पन्नाशीनंतर काढला, एका इंजिनाच्या विमानापुरता. गेल्या वर्षी ते मला म्हणाले, "मास्तर, आता दोन इंजिनांचं शिकतो."

"कशाला?"

"एक गेलं तर दुसरं राह्यते." एवढं बोलून ते घरात गेले, आणि परत बाहेर येऊन म्हणाले, "राह्यलं पाह्यजे."

खरं कारण शकुंतलावहिनी. पूर्वी त्या नानांच्या शेजारी बसून बागेवरून उडत आणि कुठल्या ओळीला पाणी पोचलं नाही ते वरून सांगत. मग त्यांना लकवा मारला. पाय सावरला, डावा हात सावरला नाही. त्यानंतर त्यांनी जाहीर केलं, की दोन इंजिनं असली तरच बसेन.

त्यामुळे नाना दर शनिवारी धुळ्याच्या धावपट्टीवर शिकायला जाऊ लागले. शनिवारी माझी शाळा सकाळची, म्हणून सोबतीला मी. शिकवणाऱ्या कॅप्टन मॅडम नानांच्या मुलीच्या वयाच्या होत्या. दोन्ही इंजिनं चालू असताना नाना उत्तम उडवत. अडचण एवढीच, की परीक्षा एक बंद पडल्यावरची असते.

वर गेल्यावर मॅडम एका इंजिनाचा जोर काढून घेत. विमान त्या बाजूला वळू लागे. ते पायानं सरळ ठेवायचं, गेलेलं इंजिन ओळखायचं, पुरतं बंद करायचं आणि चालतंय त्यावर उडायचं. नाना ओळखत लगेच. बंद मात्र करत नसत. ते त्याची समजूत घालत.

"नाना, उंची जातेय."

"थोडा टाइम द्या त्याले, मॅडम. येईन ते."

"अहो, ते मीच मुद्दाम बंद केलंय!"

"तरी बी."

पहिल्या परीक्षेत ते नापास झाले. परीक्षकानं शेरा लिहिला, 'उमेदवार बंद इंजिनाशी बोलतो.' दुसऱ्या परीक्षेत पास झाले आणि वहिनी विमानात बसल्यासुद्धा; पण मला सांगायचंय ते नापास झाले त्या दिवसाचं.

निघताना मॅडम म्हणाल्या, "नाना, गेलेल्यावर रागावू नका आणि मायाही करू नका. जे चालतंय त्याला काम द्या."

 परतीच्या वाटेवर नाना पारोळ्याला चहालाही थांबले नाहीत. मी त्यांच्यासोबत घरात गेलो. वहिनी खुर्चीत बसल्या होत्या, समोर व्यायामाचा रबरी चेंडू. रोज संध्याकाळी नाना त्यांच्या डाव्या हाताकडून तो दाबून घेत. उजव्या हातानं कुठलंच काम करू देत नसत. उजव्याची सवय लागली की डावा आळशी होतो, असं त्यांचं मत.

"मी चहा ठेवते," वहिनी म्हणाल्या. हे त्या रोज म्हणत, आणि नाना रोज म्हणत, "आधी डावा."

त्या दिवशी नाना त्यांच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ठेव."

"काय म्हटलं?"

"ठेव म्हटलं. उजव्यानं."

वहिनी उठल्या. नाना बसल्याजागी आतला एकेक आवाज ऐकत होते. डबा पडला. साखर सांडली असावी. नाना अर्धे उठले, पुन्हा बसले आणि दोन्ही तळहात मांड्यांखाली दाबून ठेवले. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागलो.

वहिनींनी एकेक करून तीन फेऱ्यांत तीन कप आणले. नानांचा अर्धा चहा बशीत होता. त्यांनी आधी बशी संपवली. चहात साखर पडलीच नव्हती.

"कसा झाला?" वहिनींनी विचारलं.

"अजून आहे का?" नाना म्हणाले.